पहाटे तीनची जाग: पाळी जाताना चुकणारं शरीराचं घड्याळ

"झोप लागते हो, पण तीनला जाग येते ती येतेच." पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: टेन्शन घेऊ नकोस, दुपारी आडवी होऊ नकोस, सकाळचं कोवळं ऊन घे. यातला शेवटचा सल्ला सगळ्यात निरुपद्रवी वाटतो. पण ज्यांची झोप तीनला संपते त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना तो उलटा पडू शकतो. ऊन कधी घ्यायचं हे तुमची झोप रात्रीच्या कोणत्या टप्प्यावर मोडते यावर ठरतं, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख पहाटे तीनला येणाऱ्या त्या जागेविषयी.

आधी घड्याळ समजून घेऊ. डोळ्यांच्या दोन नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. हेच शरीराचं मुख्य घड्याळ. ते बरोबर चोवीस तासांचं नसतं. माणसात त्याचा फेरा साधारण २४ तास १० मिनिटांचा भरतो, आणि बायकांमध्ये सरासरी सहाएक मिनिटांनी लहान असतो. सहा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण फेरा लहान असला की घड्याळ पुढे सरकायला, म्हणजे रात्र आणि पहाट दोन्ही लवकर आणायला, जास्त तयार असतं. बायका पुरुषांपेक्षा लवकर पेंगुळतात आणि लवकर जाग्या होतात, त्यामागचं एक कारण हे. वय वाढतं तसं बहुतेकांचं घड्याळ आणखी पुढे सरकतं. म्हणजे पन्नाशीतली बाई दोन्हीकडून पुढे ओढली जाते.

घड्याळ रोज जुळवण्याचं काम उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांना चित्र दिसत नाही, त्या फक्त "किती उजेड आहे" एवढंच मेंदूला कळवतात. त्यांना निळसर उजेड सगळ्यात जास्त कळतो. इथेच वयाचा दुसरा फटका बसतो. डोळ्याचं भिंग वयानुसार पिवळट होत जातं आणि निळसर उजेड अडवतं. पंचेचाळिशीत शाळकरी मुलीच्या तुलनेत या पेशींपर्यंत सुमारे निम्माच पोहोचतो, पुढे आणखी कमी. म्हणून वाढत्या वयात दिवसाचा उजेड जास्त लागतो. मोतीबिंदू काढल्यावर तो अडसर बराचसा दूर होतो.

पाळी जाताना घटणाऱ्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं काय? घड्याळाच्या या पेशींवर इस्ट्रोजेन ओळखून पकडणारे रेणू असतात, म्हणजे संप्रेरकं घटली की घड्याळालाही ते कळतं. पण पाळी जातानाच्या काळात सगळ्यात मोठी उलथापालथ होते ती घड्याळाच्या शेजारी, शरीराचं तापमान राखणाऱ्या यंत्रणेत. गरम वाफा येतात त्या तिथून.

जाग कोरडी की ओली?

डॉक्टरांकडे जाण्याआधी, कोणतीही गोळी घेण्याआधी, या प्रश्नाचं उत्तर हवं. ओली जाग म्हणजे आधी छाती-मानेवर गरम लाट, धडधड, घाम, मग जाग आणि नंतर हुडहुडी. कोरडी जाग म्हणजे डोळे टक्क उघडतात, अंगाला काही झालेलं नसतं, फक्त झोप संपलेली असते.

ओल्या जागेचं कारण असं. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतल्या काही ठरावीक चेतापेशी मोकाट सुटतात आणि तापमानाच्या यंत्रणेला चुकीचे इशारे देत राहतात. एरवी शरीराचं आतलं तापमान थोडंसं वरखाली झालं तरी यंत्रणा गप्प बसते. ही सूट रजोनिवृत्तीच्या काळात फार अरुंद होते. मग अंगावरचं पांघरूण, बंद खोली, उशिराचं गरम जेवण यांनी तापमान अगदी किंचित चढलं तरी शरीर "आग लागली" असं समजून घाम काढतं, त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतं. वाफ काही मिनिटांत ओसरते, पण घाम वाळताना अंग गार पडतं आणि तेवढ्यात झोप पार उडालेली असते.

वाफांनाही दैनंदिन लय असते. दिवसात त्या जास्त येतात संध्याकाळकडे, शरीराचं तापमान सगळ्यात चढं असतं तेव्हा. रात्री वाफेने जाग येण्याचं प्रमाण पहिल्या अर्ध्या भागात जास्त. उत्तररात्री स्वप्नांची झोप वाढते आणि त्या झोपेत शरीर तापमानाकडे जवळपास दुर्लक्ष करतं. त्यामुळे अकराला झोपून साडेबाराला, दीडला घामाने उठत असाल तर दोष बहुतेक वाफांचा. तीन-साडेतीनला कोरड्या अंगाने उठत असाल तर दोष वाफांवर टाकण्याआधी थांबा.

कोरड्या जागेचा हिशेब वेगळा. दिवसभर जागं राहून साठलेली झोपेची गरज पहिल्या तीन-चार तासांच्या गाढ झोपेत बरीचशी फिटते. त्यानंतर झोप टिकते ती घड्याळाच्या जोरावर. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी सगळ्यात खाली जातं, साधारण पहाटे चारच्या आसपास, आणि मग चढू लागतं. घड्याळ पुढे सरकलेलं असेल तर हा तळ दोनलाच येऊन जातो. तीनला शरीराच्या लेखी पहाट झालेली असते. अशा बाईची संध्याकाळ पाहा: साडेआठलाच डोळे मिटायला लागतात, मालिका अर्धी बघून होते, दहापर्यंत ती जबरदस्तीने जागी राहते.

तिसरा गट या दोन्हींत बसत नाही आणि नेमका तोच हातून सुटतो. तीन-चारला धडधडत जाग येते, तोंड कोरडं पडलेलं असतं, लघवीला जावं लागतं, सकाळी डोकं जड असतं. हे झोपेत श्वास अडखळण्याचं लक्षण असू शकतं. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये हा विकार दोन ते तीन पटींनी वाढतो. पुरुषांसारखं दणदणीत घोरणं त्यांच्यात असेलच असं नाही. थकवा आणि तुटक झोप एवढंच दिसतं. बायकांमध्ये श्वास बऱ्याचदा स्वप्नांच्या झोपेत जास्त अडतो, आणि ती झोप उत्तररात्री असते, म्हणून वेळ तीनची. "रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून झोप मोडते" असं सांगणाऱ्या कित्येक जणींत क्रम उलटा असतो: श्वास अडला म्हणून जाग आली, आणि हृदयावर आलेल्या ताणामुळे शरीराने लघवी जास्त तयार केली. यावर उजेड, आहार, प्राणायाम काही चालत नाही. घरी झोपताना लावायच्या यंत्राने तपासणी होते, ती करून घ्यावी.

चौथी गोष्ट पायांची. अंथरुणात पाय स्वस्थ राहत नाहीत, आत काहीतरी वळवळतंय असं वाटतं, उठून चाललं की बरं वाटतं. पाळी जाण्याआधीच्या दोन-चार वर्षांत बऱ्याच जणींचा रक्तस्राव वाढतो आणि शरीरातला लोहाचा साठा रिकामा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला आहे, म्हणजे ही अपवादाची गोष्ट नव्हे. हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं म्हणून निर्धास्त राहू नका. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला घटक, तपासा. पायांच्या या त्रासात ते ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात, मग प्रयोगशाळेच्या कागदावर ते "नॉर्मल" छापलेलं का असेना.

दोन आठवड्यांची वही

मनगटावरच्या घड्याळाच्या झोपेच्या आलेखापेक्षा साधी वही जास्त उपयोगी. रोज सकाळी, रात्री नव्हे, पाच गोष्टी लिहा: दिवा कधी मालवला, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली आणि ती ओली की कोरडी, शेवटची जाग कधी, अंथरूण कधी सोडलं. शेजारी पाळी आली असल्यास खूण, शेवटचा चहा कधी, जेवण कधी. रात्री घड्याळ बघायचं नाही, अंदाज चालतो. मोबाइल उचलून वेळ बघितली की त्याचा उजेड डोळ्यात जातो आणि "अजून तीन तास आहेत" हा हिशेब डोक्यात सुरू होतो. दोन आठवडे भरले की चित्र दिसायला लागतं. पाळी अजून अधूनमधून येत असेल तर वही महिनाभर ठेवा, कारण पाळीच्या आधीच्या आठवड्यात झोप वेगळी मोडते.

उजेड: कुणी कधी घ्यायचा

नियम एका वाक्यात सांगता येतो. तापमानाच्या तळानंतर डोळ्यात गेलेला उजेड घड्याळ पुढे ओढतो, तळाआधी गेलेला मागे ढकलतो.

आता साडेतीनला जाग आलेली बाई काय करते ते बघू. "पडून तरी काय करायचं" म्हणून उठते, स्वयंपाकघरातली पांढरी ट्यूब लावते, डब्याची भाजी चिरायला घेते, चहा टाकते. तिच्या घड्याळाला मिळालेला निरोप असा: पहाट झाली, उद्या याच वेळी उठव. पाच-सहा वाजता ती फिरायला जाते, उगवतीचं ऊन घेते, निरोप पक्का होतो. हे रोज करून ती स्वतःच आपलं घड्याळ पुढे रेटत असते, आणि तिला शाबासकी मिळते ती पहाटे उठण्याच्या चांगल्या सवयीची.

तिच्यासाठी क्रम उलटा हवा. ठरवलेल्या उठण्याच्या वेळेआधी, समजा साडेपाचच्या आधी, मोठा दिवा लावायचा नाही. उठावंच लागलं तर जमिनीलगतचा पिवळा झिरो बल्ब पुरे. फिरणं सकाळऐवजी संध्याकाळी न्यायचं: हिवाळ्यात साडेचार ते सहा, उन्हाळ्यात साडेपाच ते सात, उघड्यावर, गॉगलशिवाय. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जून-जुलैत सव्वासातनंतर, त्या हिशेबाने वेळ ठरवा. नागपुरात तो साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो-मावळतो. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात घरात मिणमिणत्या उजेडात बसू नका आणि सोफ्यावर डुलकी काढू नका. ती वीस मिनिटांची डुलकी रात्रीच्या झोपेतून वजा होते. या उपायाचा परिणाम मोठा नाही, हेही सांगायला हवं. जाग अर्धा-पाऊण तास उशिरा यायला लागली तरी समाधान माना आणि तीन-चार आठवडे वाट बघा.

जिला बारा-एकपर्यंत झोपच लागत नाही, तिच्यासाठी मात्र कोवळ्या उन्हाचा सल्ला अगदी बरोबर आहे. उठल्यापासून तासाभरात अर्धा तास गॅलरीत किंवा गच्चीवर. खिडकीच्या आत बसून भागत नाही. घरात ट्यूबच्या उजेडात डोळ्यापाशी शंभर-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात. बाहेर पावसाळी आभाळ असतानाही काही हजार, आणि स्वच्छ उन्हात पन्नास हजारांच्या वर. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यातसुद्धा छत्री घेऊन बाहेर उभं राहण्यात अर्थ आहे तो यामुळे. रात्रीसाठी उलटा नियम. २०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने शिफारस केली की झोपेआधीचे तीन तास डोळ्यापाशीचा घड्याळाला जाणवणारा उजेड १० लक्सच्या आत ठेवावा, दिवसा २५० च्या वर. आपल्याकडे रात्री दहाला ओटा आवरताना डोक्यावर कूल डेलाइटची पांढरी ट्यूब असते. खोक्यावर ६५०० के लिहिलेली ट्यूब (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर-पांढरा, लहान तितका पिवळा) दिवसासाठी ठेवा आणि ओट्याच्या कडेला २७०० किंवा ३००० के लिहिलेला कमी वॅटचा दिवा रात्रीसाठी लावून घ्या. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा.

एक गल्लत फार होते. ड जीवनसत्त्वाचं ऊन वेगळं. ते त्वचेवर हवं, आणि आपल्याकडे साधारण अकरा ते दोनचं, कारण कोवळ्या उन्हात ती किरणं जवळपास नसतात. घड्याळाचं ऊन डोळ्यांना हवं. सकाळी सातला गच्चीवर बसून ड जीवनसत्त्व मिळत नाही आणि दुपारी बाराच्या उन्हाने झोपेची वेळ सहसा बदलत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन वेळा.

अंथरूण, पाय, जेवण

ओल्या जागेसाठी पहिलं काम अंथरुणाचं. फोमची गादी आणि तिच्यावरचं वॉटरप्रूफ आवरण उष्णता धरून ठेवतं. मिंक ब्लँकेट पॉलिएस्टरचं असतं, घाम शोषत नाही. कापसाची गादी, वर सुती चादर, पांघरायला दोन पातळ थर, म्हणजे एक लाथाडता येतो. जुन्या सुती लुगड्यांची पातळ गोधडी यासाठी उत्तम. सोलापुरी चादर सुती असली तरी जड असते, ती पायापुरती घ्या. नवरा-बायकोचं पांघरूण वेगळं असावं. एसी असेल तर २४ ते २६ आणि वर पंखा मंद. उशाशी कोरडा सुती गाउन ठेवला की कपडे बदलायला दिवा लावून कपाट उघडावं लागत नाही.

पाय गरम पाण्यात बुडवणं वाफा येणाऱ्या बाईला उफराटं वाटेल, पण त्यामागचं गणित नीट आहे. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं आणि ते उतरतं हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर टाकून. झोपेच्या तास-दीड तास आधी सुमारे ४० अंशांच्या पाण्यात, म्हणजे हाताला छान कढत लागेल पण चटका बसणार नाही इतक्या, पाय दहा-पंधरा मिनिटं ठेवले की रक्तवाहिन्या उघडतात आणि पुढच्या तासाभरात आतली उष्णता निघून जाते. झोपायच्या पाचच मिनिटं आधी केलं तर उलट वाफेला निमंत्रण. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली असेल तर पाणी दुसऱ्या कुणीतरी तपासून द्यावं.

वाफ येताना संथ खोल श्वास घ्या, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याने वाफांची संख्या कमी होते असं चाचण्यांत दिसलं नाही. मसाला, चहा टाळून वाफा थांबतात याचाही ठोस पुरावा नाही. वाफ ओसरल्यावर पुन्हा झोप लागायला श्वासाचा उपयोग होतो, तेवढ्यासाठी तो जरूर करा. वाफांचा त्रास कमी करायला प्रत्यक्षात मदत होते ती विचार-वर्तन उपचारपद्धतीची, जास्त वजन उतरवण्याची आणि औषधांची.

जेवणाबद्दल मला जरा स्पष्ट लिहायचं आहे. रात्री उशिरा शरीर साखर नीट हाताळत नाही. तोच भात सातला खाल्ला तर साखर जितकी चढते त्यापेक्षा दहाला जास्त चढते. रजोनिवृत्तीत चरबी पोटाभोवती जमू लागते आणि इन्सुलिनचा प्रभाव आधीच कमी होत असतो. त्यात उशिराचं जेवण पचताना उष्णता निर्माण करतं आणि छातीत जळजळ. सगळ्यांची पानं वाढून, शेवटी सव्वादहाला उरलंसुरलं जेवणारी बाई हे तिन्ही एकदम भोगते. तिने साडेसात-आठला आपलं ताट वाढून घ्यावं. नवरा दहाला आला तर त्याचं तो गरम करून घेईल. ही घरातल्यांनी ऐकायची सूचना आहे, तिने अपराधी वाटून घ्यायची नव्हे. संकष्टीला चंद्रोदय बऱ्याचदा नऊच्या पुढे असतो. त्या दिवशी उपास सोडताना भरपेट जेवण आणि तळण नको, वरणभातावर थांबावं. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं शिल्लक असतं, म्हणून शेवटचा चहा साडेचारचा.

अंथरुणात कमी वेळ

झोप कमी झाली की माणूस जास्त वेळ आडवा राहतो. साडेनऊला पडायचं आणि सहापर्यंत कूस बदलत राहायचं. यातून अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा हे मेंदू शिकतो. निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून जगभर जी विचार-वर्तन पद्धत सांगितली जाते तिचा कणा याच्या उलट आहे. वहीतून रोजची सरासरी प्रत्यक्ष झोप काढा. समजा साडेपाच तास. त्यात अर्धा तास मिळवा: सहा तास. उठण्याची वेळ पक्की करा, समजा साडेपाच. म्हणजे अंथरुणात जायचं साडेअकराला, त्याआधी नाही. आठवडाभर अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोप लागली तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. साडेपाच तासांपेक्षा खाली कधी उतरू नका. पहिले दहा-बारा दिवस दिवसा पेंग येते, त्या काळात स्कूटर-गाडी चालवणं टाळा. फिट्स, बायपोलर विकार किंवा उपचार न झालेला श्वास अडखळण्याचा विकार असेल तर हे घरच्या घरी करायचं नाही. सगळ्यात जास्त चूक होते ती रविवारी. "आज सुट्टी, सातपर्यंत पडते" म्हटलं की आठवड्याची मेहनत गेली.

गोळ्यांची वेळ

मेलॅटोनिन झोपेची गोळी म्हणून खपतं, पण ते खरं तर "रात्र झाली" एवढाच निरोप देणारं संप्रेरक आहे. झोप न लागणाऱ्या बाईला संध्याकाळी अर्ध्या मिलिग्रॅमसारखी छोटी मात्राही घड्याळ हलवायला पुरते. दुकानात ३, ५, १० मिलिग्रॅम मिळतं आणि जास्त घेतलं म्हणून जास्त गाढ झोप येत नाही. तीनला कोरडी जाग येणाऱ्या बाईने ते संध्याकाळी घेतलं तर घड्याळ आणखी पुढे जाईल. म्हणजे त्रास वाढेल.

संप्रेरक उपचार, म्हणजे घटलेलं इस्ट्रोजेन औषधातून, घेत असाल आणि गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन दिलं जातं. त्यातलं नैसर्गिक स्वरूपाचं, मायक्रोनाइज्ड, रात्री झोपतानाच घ्यायचं, कारण त्याच्या विघटनातून गुंगी आणणारा पदार्थ तयार होतो. सकाळी घेतलं तर दिवसभर झापड आणि रात्री उपयोग शून्य. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत आणि वय साठच्या आत आहे अशा निरोगी बाईला वाफांचा खूप त्रास असेल तर या उपचाराचा फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग, रक्तात गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही असेल तर सहसा नाही. तिथे संप्रेरकाविना चालणारी औषधं आहेत. त्यात पॅरॉक्सेटिनचं नाव निघालं आणि तुम्ही स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन घेत असाल तर डॉक्टरांना लगेच सांगा; पॅरॉक्सेटिनमुळे टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होऊ शकतो.

बाकीच्या गोळ्या थोडक्यात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, लोहाच्या आगेमागे तास-दोन तास चहा नको. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी असेल तर ती सकाळी घेता येईल का विचारा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही रक्तदाबाची-हृदयाची औषधं शरीराचं स्वतःचं मेलॅटोनिन घटवतात. अशी गोळी सुरू झाल्यापासून झोप बिघडली असेल तर तारीख दाखवून बोला, परस्पर बंद करू नका.

हाडांनाही रात्र असते. हाडांची झीज मध्यरात्रीनंतर, पहाटेकडे सगळ्यात जास्त होते आणि दुपारी कमी. म्हणून हाडांच्या झिजेची रक्तचाचणी सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटीच द्यावी. नाश्ता करून अकराला दिलेला आकडा फसवा असतो. रजोनिवृत्तीनंतर भारतीय शिफारस दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३६० असतं, पाव लिटर दुधात तीनशेच्या आसपास, वर तीळ आणि राजगिरा.

ज्यांची रात्र त्यांच्या हातात नाही

रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, पोलीस, कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या बायका यांना वरचं बरंच लागू पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला "बहुधा कर्करोगजन्य" या गटात ठेवलं आहे. फिरत्या रात्रपाळ्या करणाऱ्या अमेरिकन परिचारिकांमध्ये पाळी थोडी लवकर जाण्याचा कलही दिसला. करण्यासारखं हे: रात्रपाळीला जाण्याआधी दीड तास झोप, पूर्ण जेवण बाराच्या आधी आणि पाचपर्यंत हलकंच, घरी येताना गडद चष्मा, झोपायच्या खोलीला काळे पडदे. पंचेचाळिशीनंतर सलग रात्रपाळ्या कमी करून मागणं हा हक्काचा विषय असायला हवा, मेहरबानीचा नव्हे.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. बीड जिल्ह्यात त्यांच्यापैकी कित्येकींची गर्भाशयं तरुण वयातच काढली गेल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात पडतं, वाफा फार तीव्र येतात, हाडं आणि हृदय दोन्हींना धोका लवकर सुरू होतो. अंडाशयं ठेवली असतील तरी ती काही वर्षं आधी थकू शकतात. शस्त्रक्रियेच्या कागदावर काय काढलं हे नीट वाचून घेणं, आणि अंडाशयं पंचेचाळिशीआधी गेली असतील तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरक देता येईल का हे विचारणं, ही उन्हापेक्षा फार आधीची पायरी आहे.

डॉक्टरांकडे कधी

रात्री घाम येतो आणि सोबत बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन उतरणं असेल तर ते वाफांवर घालवू नका, आपल्याकडे आधी क्षयरोग तपासायचा. वजन घटतंय, हात कापतात, दिवसाही धडधड होते: थायरॉइड. पहाटे जाग येते आणि त्या वेळी मन सगळ्यात काळवंडलेलं असतं, दिवस चढेल तसं जरा हलकं वाटतं, कशातच रस उरलेला नाही: हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार होतात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पाळी पूर्ण बंद होऊन बारा महिने उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात तपासणी.

अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात वारंवार येणाऱ्या वाफांचा काळ निम्म्या बायकांत ७.४ वर्षांहून मोठा निघाला. "होईल आपोआप" म्हणून काढायला ही मुदत फार मोठी आहे. जाताना वही न्या, शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू गोळ्यांची वेळेसकट यादी न्या, आणि "झोप येत नाही" असं न सांगता सांगा: साडेदहाला लागते, आठवड्यातले पाच दिवस साडेतीनला कोरडी जाग येते, दोन दिवस एकला घामाने.